साफ डोंगराचा अहवाल

पालिकेत त्यांना सगळे मुकादमबाई म्हणायचे. शहरामागच्या संरक्षित डोंगरावर सहा माणसांची टोळी घेऊन घाणेरी उपटायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. घाणेरी दिसायला गोजिरवाणी, रंगीबेरंगी फुलांची. पण एकदा माजली की खाली गवताची काडी उगवू देत नाही. नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. कुदळीने मुळासकट काढावी लागते, तीही फळं धरायच्या आत. नाहीतर पाखरं ती खाऊन डोंगरभर बी पेरतात. नव्या माणसाला बाई पहिल्या दिवशी एवढंच सांगायच्या, "फुलांवर भाळू नकोस. वाक आणि खण."

मग पालिकेने हात आखडता घेतला. सहाची टोळी तीनवर आली. त्या वर्षी दोनच उतार साफ झाले, पण उद्यानवाल्या साहेबांनी पुढे सरकवलेल्या अहवालात पाच होते.

"सही करा बाई, नाहीतर उरलेले तिघेही जातील."

बाईंनी सही केली आणि घरी येऊन तीनतीनदा हात धुतले. पुढच्या वर्षी तिघेही गेलेच.

पालिकेच्या ज्या सभेत त्यांना काढायचं ठरलं, त्याच सभेत डोंगराच्या निगराणीची तरतूद पार पुसली गेली आणि पायथ्याशी रोषणाईची कमान मंजूर झाली. कारण लिहिलं होतं, 'निसर्गाला त्याचे काम करू द्यावे.' हात वर करणाऱ्या नगरसेवकांत बाईंचा सख्खा दीर होता.

तोच रविवारी दुपारी नवा अहवाल घेऊन घरी आला. डोंगर साफ असल्याचा कागद गेला नाही, तर वरून येणारं अनुदान थांबणार होतं. काम नको होतं, अनुदान मात्र हवं होतं.

"वहिनी, एका सहीचा तर प्रश्न आहे."

"डोंगर साफ आहे असं लिहिलंय, भावजी."

"आहेच की. कसा हिरवागार दिसतो!"

"लांबून दिसतो. गवत गेलं, गवतात अंडी घालणारी पाखरं गेली. आता माती वाहून चाललीय. खालच्या तळ्याचं पाणी बघितलंत? तुमच्या कपातल्या चहासारखं झालंय."

दिराने कप खाली ठेवला. इतका वेळ पेपरात तोंड खुपसून बसलेला नवरा म्हणाला, "अगं, कर ना. मागच्या वर्षी केलीसच की."

ते वर्मी लागलं. कागदाची घडी करून बाईंनी ती दिराच्या खिशात कोंबली. "केली, म्हणूनच आता नाही. या तुम्ही."

शेवटी सही पालिकेच्या गोदामवाल्याने केली. तो बिचारा जन्मात कधी डोंगर चढला नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, साहेबांना नाही म्हणायची छाती नव्हती. बाईंची बदली पायथ्याच्या वाहनतळावर झाली, पावत्या फाडायला. गोदामवाला तिथून जाताना दिसला की बाई तोंड फिरवायच्या.

तीन महिन्यांनी अनुदान देणाऱ्या खात्याकडून तपासणीच्या मॅडम आल्या. साहेबांनी त्यांना फरसबंद वाटेवरून मिरवलं, दोन्हीकडची हिरवळ दाखवली. साहेब फोनवर बोलत उभे राहिले तेवढ्यात मॅडम बाईंकडे आल्या. "मागच्या बाजूने वर जाता येतं का हो?"

"येतं. पण अंगभर काहीतरी घाला. ओरबाडून निघाल."

मॅडम तासाभराने उतरल्या तेव्हा ओढणी फाटलेली होती आणि मनगटांवर रक्ताच्या रेघा होत्या. त्या साहेबांकडे न बघता थेट गाडीत जाऊन बसल्या.

अनुदान बंद झालं. चौकशी बसली आणि निलंबित झाला कोण, तर गोदामवाला! साहेबांना बढती मिळाली. कमानीच्या उद्घाटनात दीर गळा काढून म्हणाला, "हा डोंगर म्हणजे आपली आई!" टाळ्या पडल्या. बाईंना तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी गोदामवाल्याची बायको दारात आली. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ह्यांना एका शब्दाने सावध करायचंत की हो."

बाई त्याला टाळत आल्या, ते काही करारी बाणा म्हणून नव्हे. त्याच्यात स्वतःचंच तोंड दिसायचं. या विचाराने त्यांना आता स्वतःचीच किळस आली.

चौकशीत त्यांनी लेखी दिलं: मागच्या वर्षीची खोटी सही माझी आहे आणि ती साहेबांनी माझ्याकडून करून घेतली; यंदाची गोदामवाल्याकडून तशीच करून घेतली.

"बाई, हे आमच्यासमोर आलंच नाही असं समजू," चौकशी अधिकारी हळूच म्हणाला.

"समजू नका. शिक्का मारा आणि पोच द्या."

गोदामवाल्याला कामावर परत घेतलं. बाईंना सक्तीने घरी बसवलं, निवृत्तिवेतनही कापलं. साहेबांना समज देण्यात आली, म्हणजे काय ते कोणालाच समजलं नाही. पुढच्या हंगामात ठेकेदाराची तीन माणसं डोंगरावर गेली आणि घाणेरी वरच्यावर छाटून परत आली. दिराचं घरी येणं बंद झालं. त्याचं मात्र बाईंना काडीइतकंही वाईट वाटलं नाही.