बकरीवाल्या फॅमिलीचा चार्ज

केमिकल कंपनीत माणूस जन्म काढतो तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी साठतात, खोकला आणि किस्से. खोकल्यावर बायको काढा करून देते. किस्सा सुरू केला की मात्र "झालं तुमचं परत!" म्हणून आत निघून जाते. तेव्हा आज तुम्ही सापडलाच आहात, तर बसा.

आमची कंपनी महाडच्या एमआयडीसीत. मी मेंटेनन्सचा फिटर. आमच्या जुन्या ब्लॉकला दोनच शिफ्टा. फर्स्ट तीनला सुटायची आणि तीनलाच सेकंड लागायची. आणि कॅन्टीनच्या टीव्हीवर अडीचला तासाभराचं एक कार्टून लागायचं. लहान मुलांचं नव्हे हं! घरगुती विनोदी मालिका, फक्त माणसं हाताने काढलेली. काठीसारखा उंच बाप, तो बटणांच्या कारखान्यात कामाला. गोल गरगरीत आई, तिसरीतला पोरगा आणि घरात एक बकरी. परदेशातली मालिका, पण हिंदीत बोलायची. खरं नाव इंग्रजीत होतं, ते कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही म्हणायचो "बकरीवाली फॅमिली". वीस वर्षं होऊन गेली, अजून चालूच आहे.

आता गंमत ऐका. आमच्या ब्लॉकमधल्या एकाही माणसाने ही मालिका कधी पूर्ण बघितली नाही!

सेकंडवाले बसमधून लवकर उतरायचे आणि चहा पीत पहिला अर्धा भाग बघायचे. मध्ये जाहिराती लागल्या की उठून ब्लॉकमध्ये चार्ज घ्यायला. चार्ज म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं, कुठला रिअ‍ॅक्टर किती गरम आहे, कुठला पंप बंद आहे. तो दिला की फर्स्टवाले सुटायचे आणि कॅन्टीनमध्ये जाऊन दुसरा अर्धा बघायचे. म्हणून मग चार्जमध्येच कार्टून शिरलं. येणारा आजची सुरुवात सांगायचा, जाणारा कालचा शेवट. मी पडलो जनरल शिफ्टचा, म्हणजे मेंटेनन्सची दिवसभराची ड्युटी. मला ना पहिला अर्धा दिसायचा ना दुसरा. मी पाना हातात धरून नुसतं ऐकायचो.

हा चार्ज सगळ्यात झकास द्यायचे ते दोघं. शांतारामभाऊ पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, शांत, तोलून बोलणारे. यशवंतदादा सावित्रीकाठच्या तुडीलचे, जिभेला हाड नसलेले. इतकी वर्षं एकमेकांना चार्ज दिला, पण एकमेकांचं घर कधी बघितलं नाही. एक कामावर यायचा तेव्हा दुसरा घरी निघायचा, जाणार कधी? दोस्ती होती ती त्या पाच-दहा मिनिटांची. ती या कार्टूनपायी तुटली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण ते पुढे येईल.

*

आधी हे सांगतो, की हेच चॅनल का? लोकांना क्रिकेट हवं होतं, बातम्या हव्या होत्या. रोज रिमोटवरून झोंबाझोंबी. अशाच एका झोंबाझोंबीत रिमोट उडाला तो थेट डाळीच्या पातेल्यात!

काढला, पुसला, उन्हात ठेवला. पण चॅनल बदलेना. आवाज तेवढा कमी-जास्त व्हायचा. टीव्ही जो बकरीवाल्या फॅमिलीवर अडकला तो अडकलाच. कंपनीकडे नवीन रिमोट मागितला, तर उत्तर आलं, "विचाराधीन आहे."

कॅन्टीनच्या सुशीलामावशी एवढंच म्हणाल्या, "डाळीला त्या दिवशी चव होती हां!"

*

एकदा पुण्याहून एक नवीन शिफ्ट इंजिनियर आला. कडक इस्त्री, नवं हेल्मेट, प्रत्येक गोष्टीवर लक्ष. बिचारा शांतारामभाऊंच्या मागे उभा राहून चार्ज ऐकत होता.

यशवंतदादांनी सांगितलं, "तीन नंबर साठ डिग्रीवर हाय. खालचा पंप बंद."

शांतारामभाऊ म्हणाले, "बरं. बाप टाकीत पडलाय. अजून वर आलेला नाय. पोरगा काठावर उभा राहून बोंबलतोय."

यशवंतदादांनी शांतपणे हातमोजे काढले. "पडूं दे. बघतो जाताना."

इंजिनियर पांढराफटक! त्याने धावत जाऊन सायरनच दाबला. सगळी कंपनी कामं टाकून मैदानात. हजेरी झाली, फर्स्ट, सेकंड, कॉन्ट्रॅक्टवाले, सगळे हजर. मॅनेजर साहेब लालबुंद, "पडलंय कोण?"

शांतारामभाऊ पुढे झाले. "आपल्यातला नाय साहेब. बकरीवाल्यांचा."

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये नेलं, दार लावून मनसोक्त झापलं. शेवटी पाणी प्यायले आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग निघाला का तो बाहेर?"

काय सांगणार? सगळेच मैदानात उभे होते. त्या दिवशीचा शेवट कोणीच बघितला नव्हता!

*

मालिका चांगली की वाईट, यावर आमच्याकडे जेवढा वाद झाला तेवढा पगारवाढीवर झाला नसेल.

यशवंतदादांचं म्हणणं, ही कधीच बंद करायला हवी होती. "वीस वर्षं पोरगं तिसरीत! आमच्या तुडीलच्या शाळेत असतं तर मास्तरांनी त्याला शाळेचा शिपाई करून टाकलं असतं. आणि बाप? तोच सदरा, तीच चूक, शेवटाला तीच माफी. नवीन काय हाय त्यात?"

युनियनच्या पुढाऱ्याचा मुद्दा वेगळाच. "त्या बटणाच्या कारखान्यात युनियन का नाही, ते आधी सांगा!"

शांतारामभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि एकच वाक्य बोलायचे. "पोरगं घरात हाय ना? संध्याकाळला चौघं एका ताटाभोवती बसतात ना? मग चालूं दे की."

"चौघं कोण?"

"बकरी धरून!"

सगळे हसायचे. पण शांतारामभाऊंच्या वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद होती. कोणी घाटकोपरला, कोणी दिव्याला. होळीला आणि गणपतीला तेवढी कुलपं निघायची.

*

सुशीलामावशी टीव्हीकडे बघायच्या त्या चपात्या लाटता लाटता, मान तिरकी करून. एकदा म्हणाल्या, "तुम्ही बापावरच भांडता. ती बाई इतकी वर्षं सगळ्यांना वाढतेय, तिला जेवताना बघितलंय का कोणी?"

खरंच कोणाला आठवेना. फर्स्टवाल्यांना वाटलं, पहिल्या अर्ध्यात जेवत असेल. सेकंडवाल्यांना वाटलं, दुसऱ्या अर्ध्यात. चार्जमध्ये विचारपूस झाली. कुठेच जेवत नव्हती!

दुसऱ्या दिवशी ब्लॉकमधल्या पोरांनी ताट वाढून मावशींपुढे धरलं. "मावशी, आज तुम्ही आधी बसायचं."

मावशींचे डोळे भरून आले. पदराने पुसले आणि म्हणाल्या, "बसते रे, बसते. पण मग सेकंडच्या चपात्या कोण लाटणार, तुमची बकरी?"

*

पुराच्या वर्षी तो टीव्ही नेमका दुरुस्तीला बाजारात, चवदार तळ्याजवळच्या गल्लीत गेला होता. पाणी आलं. दुकान बुडालं, टीव्हीही बुडाला. आठवडाभर कोणाच्या घरातून चिखल निघत होता, कोणाचं धान्य वाहून गेलेलं. कामावर आलेली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, नुसती बसून राहायची.

दुकानदार भला माणूस. त्याने तो टीव्ही उघडला, वाळवला आणि आणून भिंतीवर लावला. चालू झाला! फक्त एक झालं, सगळी माणसं हिरवी दिसायला लागली. बाप हिरवा, आई हिरवी, बकरीसुद्धा हिरवी.

यशवंतदादा बापाकडे बोट करून म्हणाले, "आता कसा केमिकलवाला वाटतो!"

त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो.

*

आता तो वाईट किस्सा.

शांतारामभाऊंचा एकुलता एक मुलगा नीलेश बारावी झाला आणि मुंबईला गेला, मामाकडे, कुरिअरच्या नोकरीला. तेव्हापासून भाऊ कार्टूनबद्दल जरा जास्तच चौकशी करायला लागले.

एक दिवस चार्ज घेताना त्यांनी यशवंतदादांना विचारलं, "काल शेवटाला काय झालं रे?"

यशवंतदादांना चेष्टेची लहर आली. म्हणाले, "पोरगा बॅग भरून शहरात गेला. आता परत येत नाय. संपली तुझी मालिका!"

शांतारामभाऊंनी मान हलवली आणि कामाला लागले. त्या शिफ्टला ते जेवले नाहीत, हे मला नंतर कळलं. दोन दिवसांनी त्यांनी बघितलं, पोरगा घरातच, बकरीच्या शेपटीला फुगा बांधतोय.

त्यांनी सगळ्यांसमोर यशवंतदादांना विचारलं, "खोटा चार्ज दिलास?"

बाहेरच्या माणसाला यातलं काही समजणार नाही. पण प्लांटमध्ये याहून मोठी शिवी नाही. खोट्या चार्जने माणसं मरतात. यशवंतदादांचा चेहरा पडला. "अरे, कार्टून ते..." एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं संपलं. तीन नंबर साठवर, पंप चालू, टाकी अर्धी. बस. नुसता कोरडा चार्ज. वर्ष उलटून गेलं तरी तेच. यशवंतदादांनी चहा पाठवून बघितला, तुडीलचे आंबे पाठवून बघितले. आंबे आम्हीच खाल्ले.

*

माझी मुलगी पुण्याला असते. गेल्या दिवाळीत तिने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "बाबा, ही घ्या तुमची बकरी. पहिल्या भागापासून सगळे आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक भाग पूर्ण बघितला. बाप हिंदीत बोलत होता. मला तर तो आजवर पोलादपूरचाच वाटत आलेला! शांतारामभाऊ सांगायचे तेव्हा तो बाप "आता काय करूं रे देवा" म्हणून कपाळ धरायचा. इथे तसलं काहीच नाही.

"कसं वाटलं?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "बंद कर गो. यांनी नीट सांगितलेलं नाय."

*

आणि आता शेवटचा.

यशवंतदादांची रिटायरमेंट आली. शेवटचा दिवस, फर्स्ट शिफ्ट. साडेतीनला कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ ठेवलेला. बॅनर लावायला दुसरी भिंत नव्हती, म्हणून सकाळीच टीव्ही उतरवून कोठीत ठेवला होता. मीच उतरवला, मला माहीत आहे.

शांतारामभाऊ सेकंडला आले. ब्लॉकमध्ये आम्ही सगळे उगाचच काहीतरी काम काढून घुटमळत होतो. यशवंतदादांनी शेवटचा चार्ज दिला. "तीन नंबर थंड हाय. पंप बंद. टाकी रिकामी." मग हेल्मेट काढून हातात धरलं आणि उभे राहिले. अजून काही राहिलंय का, असं तोंडावर.

शांतारामभाऊंनी मीटरकडे बघत सुरुवात केली. "आज बापाचा दोस्त रिटायर होतोय."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"कारखान्यात सगळे शाल-नारळ घेऊन उभे हायत. बापाला त्याच्याशी बोलायचं हाय. मागं दोघांचं वाजलेलं. पण बापाच्या तोंडातून शब्दच निघत नाय."

यशवंतदादांनी हळूच विचारलं, "मग?"

"मग जाहिराती लागल्या."

यशवंतदादांनी हेल्मेट काखेत धरलं. म्हणाले, "बरं. बघतो जाताना."

समारंभ झाला, भाषणं झाली, पेढे झाले. यशवंतदादा शाल पांघरून बसमध्ये बसले आणि गेले. शांतारामभाऊ ड्युटीवर होते, समारंभाला आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी, चार्जच्याच वेळेला, गेटवरून ब्लॉकमध्ये फोन आला. वॉचमन म्हणाला, "यशवंतदादा आलेत. पास नाही, आत सोडता येत नाही. शांतारामभाऊंना पाठवा म्हणतात."

भाऊ गेले. मीही मागोमाग गेलो. गेटच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचं मला अचानक आठवलं!

गेटच्या पलीकडे यशवंतदादा. इस्त्रीचा सदरा, पण सवयीने खांद्याला डब्याची पिशवी.

"काय रे?" शांतारामभाऊ म्हणाले.

"कालचा शेवट सांगायचा राहिला."

"सांग."

"तो दोस्तच बोलला आधी. म्हणाला, चूक माझी होती. पोराच्या गोष्टीत मस्करी करायची नसते." यशवंतदादांनी गेटचा गज धरला. "आणि म्हणाला, इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण तुझं घर कधी बघितलं नाय."

"मग बाप काय म्हणाला?"

"ते नाय कळलं. तेवढ्यात बस सुटली."

आत सेकंडची घंटा झाली. शांतारामभाऊंनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि ब्लॉककडे चालायला लागले. चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, "रविवारी पोलादपूरवरनं वाडीची एस्टी दहाला हाय. वहिनींना पण घेऊन ये."