राजाची आंघोळ

बाबांचा एक राजा होता. फार पूर्वी ग्रीक सैन्य हिंदुकुशापर्यंत आलं, काही जण तिथेच राहिले आणि त्यांची चिमुकली राज्यं झाली, त्यातल्या एकाचा. त्याचं राज्य म्हणजे दोन दऱ्या आणि एक घाट, इति बाबा. इतिहासात त्याच्यावर धड एक पानसुद्धा नाही. उरली ती फक्त नाणी. त्यातलं एक बाबांकडे होतं, तांब्याचं, चौकोनी, त्यावर त्याचा चेहरा.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या घरी, हॉस्पिटलमधून आले की कोट काढायच्या आधी बाबा राजाला बघायचे. "ह्याला कोणी विचारत नाही गं," म्हणायचे. शेवटपर्यंत कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरचा डॉक्टर, न झालेला माणूस दुसरं काय म्हणणार! मला मात्र रागच यायचा. माझ्या शाळेच्या पेरेंट्स ईव्हनिंगला हे उशिरा, आणि राजापुढे रोज हजर.

एका लक्ष्मीपूजनाला आईनं घरातली सगळी नाणी ताटात जमवली, राजालाही घेतलं, आणि चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. बाबा आले तेव्हा राजा लखलखत होता आणि त्याचं नाक गेलं होतं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, हे बाबांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. ते आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आई कसली ऐकते! "एवढा राजा, आणि दिवाळीला पारोसा?" एवढंच म्हणाली.

मग दरवर्षी दिवाळी आली की बाबा राजाला लपवायचे. गॅरेजमध्ये, बुटात, एकदा तर तांदळाच्या डब्यात, म्हणजे थेट आईच्याच राज्यात! ती दरवर्षी शोधून काढायची आणि न्हाऊ घालायची. ओठ गेले, मुकुट गेला. भांडण तेच, फराळही तोच. काय मजेचं घर होतं आमचं.

आई गेली. वर्ष सरल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी माझ्या रीडिंग गावाहून गाडी घेऊन बाबांकडे गेले. वाटलं, आता तरी बिचारा राजा सुटला. स्वयंपाकघरात गेले तर बाबा सिंकपाशी उभे, वाटीत चिंच भिजवलेली, हातात राजा.

मी म्हटलं, "अहो बाबा, उरलासुरला चेहराही जाईल."

"जाऊ दे," ते मान वर न करता म्हणाले. "तिनं त्याला एकाही दिवाळीला पारोसा ठेवला नाही."

मी मिठाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.