शुक्रवारची मीटिंग

अंधेरीच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं लिफ्टची ड्रॉइंग्ज काढली. शेजारच्या टेबलावर माहुलच्या कोळीवाड्यातली एक बाई बसायची. माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर, कामात माझ्याहून बरी.

जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे मॅनेजर आले. चारचा चहा आपापल्या टेबलावरच प्यायचा, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. मग ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकणं सक्तीचं झालं. आम्ही टाकलं. फुलांसकट. त्यानंतर शुक्रवारची मीटिंग सुरू झाली. तिथे प्रत्येकाने एका सहकाऱ्याचा एक दोष सांगायचा. याला मोकळेपणा म्हणायचे.

सुरुवातीला मजेत चाललं. कोणी पेनाची टोपणं चावतं, कोणी एसी फार थंड ठेवतं. मॅनेजर म्हणाले, "असं वरवरचं नको." मग लोक घरून तयारी करून येऊ लागले. डबा खाताना बोलणं बंद झालं, कारण तिथलं बोलणं शुक्रवारी बाहेर पडायचं.

एका शुक्रवारी मला काहीच सुचेना. माझी पाळी आली तेव्हा मी तिच्याकडे बघून म्हणालो, "या रोज सहाच्या ठोक्याला निघतात."

तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्याजवळ बसणारी शेजारीण आठला स्वतःच्या घरी जायची. हे मला चांगलं माहीत होतं.

मॅनेजरांनी लिहून घेतलं. पंधरवड्यात तिची बदली भिवंडीच्या गोडाऊनला झाली. तिथून आठला माहुल गाठणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने नोकरी सोडली. ती ड्रॉवर रिकामा करत होती तेव्हा मी म्हणालो, "सॉरी गं. काही सुचलंच नाही."

"सुचलं ना," ती म्हणाली. "आणि खोटं थोडीच बोललास? पण का निघते तेपण सांगायचंस ना रे."

पुढच्या शुक्रवारी मी तेवढंच सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "ज्या इथे नाहीत, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही."

सोमवारी मी राजीनामा दिला. फॉर्मवर कारणं छापलेलीच होती: लग्न, स्थलांतर, प्रकृती, जास्त पगार. मी प्रकृतीवर खूण केली. घरी बायकोने विचारलं, "तुला काय झालंय?" मी म्हणालो, "काही नाही. तेच तर."

आता मी मुलुंडला एका चारजणांच्या ऑफिसात आहे. तिला फोन करायला मला तीन महिने लागले. तिला चेंबूरला काम मिळालं होतं, वडील तसेच होते.

"तिकडे माणसं बरी आहेत?" तिने विचारलं.

"अजून तरी," मी म्हणालो.