न वाजलेली साखळी

गोंदियाच्या बाजारात कॅसेट रेकॉर्डिंगचं एक दुकान होतं. १९९९ साली तिथे गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या यादीप्रमाणे कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळत. २००६ पर्यंत कॅसेटी मागच्या फळीवर गेल्या होत्या आणि काउंटरवर सीडींच्या चवडी आल्या होत्या. रविवारी दुपारी तिथे जमणारे चार जण मात्र तेच होते. त्यांतला एक मी. या चौघांपैकी तिघांच्या हातून एक चूक झाली. गाण्यांचं इतकं वेड नसलेल्या माणसाच्या हातून ती झाली नसती. ती ज्याने पकडली त्याचे उपकार अजून माझ्यावर आहेत, म्हणून हे टिपण.

दुकानाच्या मालकाला सगळे भाऊ म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास. हिशेब हिंदीत, भांडण मराठीत. त्याच्या मते चित्रपटसंगीत त्याच्या लग्नाच्या वर्षी संपलं होतं आणि पुढचा सगळा नुसता आवाज होता. दुसऱ्या मॅडम. त्या सडक अर्जुनीच्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि आठवड्याला एकदा बसने यायच्या. चित्रपटाचं खरं संगीत गाण्यांत नसतं, प्रसंगाच्या मागे वाजतं ते खरं, हा त्यांचा मुद्दा. तिसरा माझ्याच वयाचा, पोवार शेतकऱ्याचा मुलगा. बिरसीच्या विमानतळाच्या धावपट्टीला लागून त्यांचं धानाचं शेत होतं. त्याला गाण्यांत रस नव्हता. तो दुकानाच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसाठी यायचा.

त्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. खेळणारा एका भटक्या शिपायाची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांची कामं पत्करतो आणि हळूहळू बळ कमावतो. इतर पोरं पंधरा दिवसांत डोंगरापलीकडच्या किल्ल्यापर्यंत पोचली होती. बिरसीवाला दोन महिने पहिल्याच गावात होता. कारण विचारलं तर म्हणायचा, या गावाची धून चांगली आहे, पुढच्या गावाची नाही. गेमला संगीत नसतं, भरताड असतं, असं मी त्याला दर आठवड्याला ऐकवायचो. तो वाद घालायचा नाही. विहिरीभोवती शिपायाला फिरवत राहायचा.

वादाचा एक नियम होता. कोण हरलं हे मतं मोजून ठरायचं नाही. ज्याला पटलं त्याने स्वतः ‘मानलं’ म्हणायचं. मग हरलेल्याने जिंकलेल्याच्या आवडीची एक चीज दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर पूर्ण ऐकायची. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवायचा नाही. भाऊने एकदा मॅडमच्या विद्यार्थ्यांचे सरगमीचे अलंकार अकरा मिनिटं ऐकले होते. मॅडमनी भाऊच्या आवडीची एक कव्वाली ऐकली होती आणि नंतर तिची कॉपी मागितली होती. मी तोवर एकदाही ‘मानलं’ म्हटलं नव्हतं, आणि याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी एक परदेशी जादूचा चित्रपट हिंदीत डब होऊन सीडीवर आला. त्यात एक मुलगी पंखांच्या अजगराला लहानाचा मोठा करते. शेवटी तो गोठलेल्या तळ्यावर मरून पडतो. त्याच्या गळ्यातली तुटलेली लोखंडी साखळी हातात घेऊन ती बर्फावरून त्याच्यापर्यंत चालत जाते आणि एक वाक्य बोलते. आमच्या सीडीत या सबंध प्रसंगाला संगीत नव्हतं. आधीचे दोन तास ढोल, तुताऱ्या, समूहगान, आणि इथे काहीच नाही. मग तिचं ते वाक्य.

आम्ही हा प्रसंग किमान वीस वेळा पाहिला. संगीतकाराने इतकी मोठी जागा रिकामी सोडली, यालाच मी त्याच्या कामाचं शिखर म्हणत होतो. भाऊ पहिल्यांदाच एखाद्या नव्या संगीतकारावर खूश झाला. मॅडम म्हणाल्या, शांतता ऐकू यायची तर तिच्या कडेला काहीतरी वाजावं लागतं, इथे कडाच सापडत नाही. त्यांचं म्हणणं मी बारकावा म्हणून बाजूला ठेवलं. तीन रविवार याच वादात गेले.

दरम्यान कोहमाऱ्याचा एक ढाबेवाला याच चित्रपटाची सीडी परत घेऊन आला. ट्रकवाल्यांसाठी त्याने ढाब्यावर टीव्ही लावला होता. त्याची तक्रार एवढीच होती: “शेवटी आवाज जाते.” भाऊने त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि शांतता हीसुद्धा संगीतकाराची कला कशी, हे अर्धा तास समजावलं. मीही मदत केली. ढाबेवाल्याने सगळं ऐकून घेतलं, सीडी खिशात घातली आणि जाता जाता म्हणाला, “असन बाप्पा. पण माह्या टीव्हीवर तं आवाज जाते.”

याच सुमारास माझ्यापुढे एक निकड होती. राइस मिलच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा बोलून ठेवलेली होती आणि येत्या सोमवारी तिथे रुजू व्हायचं होतं. मला वर्तमानपत्रात जायचं होतं. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात डेस्कवर एक जागा रिकामी होती. तिथले संपादक म्हणाले, रविवारच्या पुरवणीसाठी एक लेख द्या, छापण्यासारखा असला तर सोमवारी इकडे या. मी त्या शांततेवर लेख लिहिला. संगीतकाराने ती जागा विचारपूर्वक कोरी ठेवली, असं ठामपणे लिहिलं. तयारी नसलेल्या कानाचं उदाहरण म्हणून कोहमाऱ्याचा ढाबेवाला घातला. लेख गुरुवारी दिला. शुक्रवारी निरोप आला की लेख घेतला आहे. पान शनिवारी संध्याकाळी पाच वाजता छपाईला जाणार होतं.

शनिवारी शाळा अर्धी असते, म्हणून त्या आठवड्यात मॅडम शनिवारी दुपारीच आल्या. मी लेखाची कार्बन कॉपी वाचून दाखवली. भाऊने ढाबेवाल्याचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. मागच्या खोलीतून बिरसीवाला बाहेर आला आणि दाराला टेकून उभा राहिला. वाचन संपल्यावर म्हणाला, “तो सीन लाव बरं एकदा.”

त्याने तो प्रसंग आमच्यासोबत कधी नीट पाहिलाच नव्हता. आता पडद्याजवळ जाऊन पाहिला. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मग मला विचारलं, “पोरीच्या हातात काय आहे?”

साखळी, मी म्हणालो.

“फरफटून राहिली नं ते बर्फावर?”

हो.

“मंग वाजून कायले नाही राहिली?”

त्याने सावकाश सांगितलं. कॉम्प्युटरचं साउंड कार्ड बिघडलं की गेममध्ये असंच होतं. धून जाते, पण धुनीसोबत शिपायाची पावलंही जातात, विहिरीची कप्पीही जाते. आपण धूनच ऐकत असलो तर वाटतं की फक्त धून गेली. “संगीतवाला संगीत काढन. पण पावलं काढाले त्याले काय पडलं आहे? साखळी काढाले काय पडलं आहे?”

आम्ही तिघांनी मिळून तो प्रसंग पुन्हा पाहिला. बर्फ होतं आणि बूट होते. मुलीचे केस उडत होते म्हणजे वाराही होता. यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिचं हिंदी वाक्य तेवढं स्वच्छ ऐकू येत होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की कडा का सापडत नव्हती ते आता कळलं. डबिंग करताना संवाद नवे भरतात आणि मागचा सगळा आवाज वेगळ्या ध्वनिपट्टीवरून येतो. ती पट्टी कुठेतरी गळली असावी. वीस वेळा पाहून हे आम्हाला दिसलं नव्हतं, कारण आम्ही फक्त संगीत आहे की नाही एवढंच ऐकत होतो. ढाबेवाल्याने एकदाच पाहिलं होतं.

तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते.

भाऊचं मत पडलं की लेख जाऊ द्यावा. अख्ख्या जिल्ह्यात हे तपासायला कोण जाणार? बिरसीवाला माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. म्हणाला, “अबे मी अंदाजानं बोललो. माहं मनावर घेऊ नको. सोमवारी मिलमध्ये बसशील नं बे.”

अंदाज होता हे खरंच होतं. मूळ चित्रपट आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. पण माझं विधानही अंदाजच होतं, आणि ते मी खात्रीच्या भाषेत लिहिलं होतं. त्यात एका माणसाला मूर्ख ठरवलं होतं. समोरच्या एसटीडी बूथवरून मी संपादकांना फोन केला आणि लेख थांबवायला सांगितलं. त्यांनी विचारलं, चूक आहे हे नक्की का? मी म्हणालो, नक्की नाही, म्हणूनच थांबवा. त्यांनी “ठीक आहे” म्हणून फोन ठेवला. रविवारी त्या जागेवर भाताच्या बियाण्याची जाहिरात होती. सोमवारी मी मिलमध्ये रुजू झालो.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मॅडमनी नागपूरच्या एका नातेवाइकाकडून मूळ भाषेतली डीव्हीडी आणली. प्रसंग सुरू झाला आणि व्हायोलिनांचा मोठा ताफा वाजू लागला, मागून समूहगान. बर्फ करकरत होतं, वारा होता, साखळी खणखणत होती. संगीत ठीकठाक होतं. असं आम्ही त्याआधी शंभरदा ऐकलं होतं. भाऊ उदास झाला. मॅडम म्हणाल्या, खरं सांगू का, आपली बिघडलेलीच बरी होती. त्यावर नवा वाद सुरू झाला आणि तो पुढे वर्षभर चालला. माझं मत आजही मॅडमसारखंच आहे. फरक इतकाच की आता मी ते आमच्या सीडीबद्दलचं मत म्हणून सांगतो, संगीतकाराचा हेतू म्हणून नाही.

त्याच आठवड्यात भाऊ आणि मी कोहमाऱ्याला गेलो. दुसऱ्या चित्रपटाची सीडी देऊन भाऊने माफी मागितली. लेखात काय लिहिलं होतं ते मीही सांगितलं. ढाबेवाल्याने दोघांना जेवायला वाढलं आणि म्हणाला, “मी तं तवाच सांगतलो होतो. पण तुमी एवढे शिकलेले लोक, मले वाटलं माहाच टीव्ही बिघडला असन.” त्याने त्या पंधरवड्यात टीव्ही दोनदा दुरुस्तीला नेला होता.

सात महिन्यांनी संपादकांचा मिलमध्ये फोन आला. डेस्कवरची जागा मधल्या काळात भरून पुन्हा रिकामी झाली होती. लेखाविषयी त्यांनी काही विचारलं नाही. स्वतःचा मजकूर थांबवायला फोन करणारा माणूस डेस्कवर हवा आहे, एवढं म्हणाले. पुढची बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या वाचल्या. प्रत्येक बातमीत मी आधी साखळी शोधायचो. जे दिसतं ते वाजतंय का, हे बघायची ती सवय मला कोणत्या अभ्यासक्रमाने लावली नाही. ती दोन महिने एकाच गावात रमलेल्या एका गेमवाल्याने लावली.

डीव्हीडीच्या त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. प्रसंग संपल्यावर मी बिरसीवाल्याकडे पाहून पहिल्यांदाच ‘मानलं’ म्हणालो. भाऊने लगेच स्पीकरची वायर मागच्या खोलीत नेली आणि बिरसीवाल्याला विचारलं, कोणती चीज? त्याने पहिल्या गावाची धून लावली.

लगेच नियमाचा पेच पडला. चीज पूर्ण ऐकायची असते, पण गेमची धून संपत नाही. चाळीसएक सेकंदांनी ती पहिल्यापासून सुरू होते. भाऊचं म्हणणं, एक फेरी म्हणजे पूर्ण. मॅडमचं म्हणणं, ज्या चीजेला शेवट नाही ती अपूर्णच, तेव्हा शिक्षाच लागू होत नाही. बिरसीवाला म्हणाला, “त्याले ऐकू आली की झाली पूर्ण.”

मी स्टुलावर बसलो. पहिल्या दोन फेऱ्यांत एक साधी बासरी ऐकू आली. चौथ्या फेरीला बासरीच्या खाली एक तार लागली. तो नेहमीसारखा शिपायाला विहिरीभोवती फिरवत होता. सहाव्या की सातव्या फेरीला कप्पीची करकर ऐकू आली, आणि मग पावलं. मातीवर एक आवाज, विहिरीजवळच्या फरशीवर दुसरा. फरशीवरचं पाऊल दर वेळी बासरीच्या ठेक्यावर पडत होतं. तसं पडावं म्हणून तो शिपायाची चाल सांभाळत होता. दोन महिने तो हेच करत होता.

त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “येऊन राहिली का ऐकू?”

शिक्षेत बोलायची मुभा नव्हती. मी मान हलवली. त्याने धून बंद करायला हात पुढे केला, तेव्हा मी तो धरला. भाऊने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे रस्त्याचा आवाज कमी यावा. मॅडमची बस साडेपाचची होती. तोपर्यंत आम्ही चौघं ती धून ऐकत बसलो.