सीटचं दुखणं

बस डेपोत दोघे सख्खे भाऊ ड्रायव्हर, म्हणून एक थोरले आणि दुसरे धाकटे. थोरले जाऊन सहा वर्षं झाली, तरी धाकटे चोपन्नाव्या वर्षीही धाकटेच राहिले.

ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत मूळव्याधीचं कुणाला काही वाटत नसे. दिवसभर तापलेल्या सीटवर बसणाऱ्याला ती व्हायचीच, असा तिथला पक्का समज. रक्त दिसलं की कपाटातली मलमाची ट्यूब पुढे सरकवायची, दोन चावट विनोद करायचे, विषय संपला. थोरल्यांना ती ट्यूब धाकट्यांनीच दिली होती. थोरल्यांनी वर्षभर निमूटपणे मलम लावलं आणि दवाखान्यात गेले, तोवर मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

यंदा धाकट्यांना स्वतःचं रक्त दिसलं. ते तडक दवाखान्यात गेले.

"मूळव्याध आहेच तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ती आहे म्हणून आत दुसरं काही नाही, असं थोडंच आहे? सख्ख्या भावाला कॅन्सर होता ना? मग दुर्बिणीने बघायलाच हवं."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध ढोसावं लागलं. जन्मभर रोज शंभर स्टॉप घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी एकच स्टॉप होता. "गाडी आता आतच मुक्कामी ठेवा," बायको संडासाच्या दाराबाहेरून म्हणाली.

आतड्यात मांसाचे दोन छोटे कोंब सापडले. ते तिथल्या तिथे काढले. कॅन्सर नव्हता, पण तसेच वाढू दिले असते तर पुढे झालाही असता. "थोरल्यांची मुलगी चाळिशीची ना? काही त्रास नसला तरी तिनेही तपासून घ्यायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

सुटलो, असं धाकट्यांना वाटलंच नाही. राग आला, स्वतःचाच. एवढ्याशा गोष्टीने भाऊ वाचला असता.

पुतणी डेपोतच पासच्या खिडकीवर बसायची. महिनाभर ती टोलवत होती. आज गर्दी, उद्या मुलाची परीक्षा, परवा "मला कुठे काय होतंय, काका?" शेवटी धाकटे पासच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी चिठ्ठी आत सरकवली.

"गुरुवारची वेळ घेतलीय. मी रजा टाकलीय, बाहेर बसून राहीन. आतड्याची तपासणी आहे, त्यात लाजायचं काय?"

रांगेतल्या माना खिडकीकडे वळल्या. पुतणी कानापर्यंत लाल झाली.

"काका, हळू बोला ना. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. तुझ्या बाबांनी रक्ताचं हळूच सांगितलं होतं. एकट्या मलाच."