उकिरड्यावरून आणलेल्या बाटल्या

तापलेल्या सुरीनं प्लास्टिक कापल्याचा वास आला की मला तलमडुगूची शाळा आठवते. तिथं मी नवीन शिक्षिका असताना माझ्या दुसरीच्या मुलांनी बाटल्या कापून, वर आकड्यांच्या पट्ट्या चिकटवून पर्जन्यमापकं केली आणि अंगणात मांडली. तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी ती कचरा समजून उकिरड्यावर फेकली. मुलं रडायला लागली. मी म्हटलं, "चला, आणू परत." तपासणीला आलेल्या साहेबांच्या देखत आम्ही बाटल्या धुऊन पुन्हा मांडल्या. हेडमास्तर ओरडले, "बाई, नोकरी करायची हाय का नाई तुमाले?" "करायची हाय, म्हणूनच शिकवून राह्यली," मी म्हणाले. त्यावरूनच पुढं माझी जैनथच्या शाळेत बदली झाली. तिथं पहिल्याच दिवशी मी मुलांना वाऱ्याची दिशा दाखवणारा पुठ्ठ्याचा बाण करायला बसवलं. आज विचाराल, तरी हेच करीन.