मालिकेतल्या नळाची पैज

गणपतीनंतरचा दुसरा गुरुवार, मी सातवीत होतो ते वर्ष. रक्कम अकरा रुपये. हजर चौघं: आई, मी, शेजारच्या गावातल्या काकू आणि काकूंचे यजमान. यजमान खुर्चीतच झोपले होते, त्यामुळे साक्षीदार मी एकटाच.

आम्ही देशावरून नुकतेच नव्या मुंबईत आलो होतो. आमची वसाहत जिथे उभी होती तिथे पूर्वी काकूंची भातखाचरं होती. जमिनीच्या पैशातून त्यांनी रंगीत टीव्ही घेतला आणि वसाहतीतल्या कुणालाही तो बघायला कधी नाही म्हटलं नाही. चपला बाहेर, पाय धुऊन आत, मुलांनी पुढे बसायचं, एवढेच नियम. बाबांची पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात सेकंड शिफ्ट असे, म्हणून गुरुवारी आई आणि मी दोघंच जायचो.

साडेसातला ती मालिका लागायची. एक छोटा फ्लॅट, नवरा-बायको, दोन मुलं आणि सासरे. कुणी कुणावर फार चिडत नसे. घोटाळा झाला तरी पंचवीस मिनिटांत निस्तरायचा. आमच्याकडे पाणीही नेमकं साडेसातलाच यायचं, जेमतेम अर्धा तास. त्यामुळे आई पिंप आणि हंडे भरून ओल्या पदरानेच मालिकेच्या मध्यावर येऊन बसायची आणि सुरुवातीला काय झालं ते मला विचारायची.

त्या गुरुवारी मालिकेतली आई मटार सोलत होती. सासऱ्यांचा जावई यायचा होता. तिने उठून नळ सोडला, जाड धार लागली, आणि तिने मटार धुतले.

"बघा, वहिनी," आई म्हणाली, "काय पाणी आहे. कुणाचं तरी खरं घर घेतलंय यांनी."

"अगो बाय, यो नल खोटा हाय," काकू म्हणाल्या. "भितीच्या मागं कोन तरी बादली घेऊन उबा हाय."

"काहीतरीच. नाटकासाठी कुणी नळ जोडतं होय?"

"ती कवा पानी भरताना दिसली का तुला? घरान येक पिंप नाय. पिंप नाय त्या घरान कोन राहतं?"

"चोवीस तास पाणी असेल तर पिंप कशाला लागतंय?"

"लावतेस पैज?"

"लावते. अकरा रुपये."

आईकडे कुठलाही व्यवहार अकरा, एकवीस, एक्कावन्न असाच व्हायचा. वरचा एक रुपया असला की नातं पुढे चालतं, असं ती म्हणायची.

काकूंना ही गंमत होती. आईला नव्हती, हे मला पुढे कळलं. सासर, गाव, मैत्रिणी सगळं सोडून ती या धुळीच्या वसाहतीत आली होती. असं एक घर इथे जवळपास खरोखर आहे, तिथे नळाला दिवसभर पाणी आहे आणि तिथली बाई संध्याकाळी निवांत मटार सोलते, या भरवशावर तिने ती पहिली वर्षं काढली. मसाल्याचे डबे तिने त्या घरातल्यासारखे डाव्या फळीवर मांडले. पुढे मी करंजाड्याला फ्लॅट घेतला, तेव्हा तिने एकच अट घातली: ओट्यावर खिडकी हवी, तशी.

पैजेचा निकाल कोण लावणार? मालिका संपली, बाबा गेले, काकूंचे यजमान गेले, काकूंच्या घराची चार मजली इमारत झाली. दर दिवाळीला फोनवर आई म्हणायची, "वहिनी, माझे अकरा रुपये तयार ठेवा." काकू म्हणायच्या, "तूच ठेव, बाय. व्याज नको मना."

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने त्या मालिकेतल्या आईलाच बोलावलं. त्या पनवेलला मुलीकडे राहतात, असं एका सभासदाला कळलं होतं. आईने लगेच काकूंना फोन लावला. नातवाने त्यांना गाडीने आणून सोडलं. दोघी पहिल्या रांगेत बसल्या, मी त्यांच्या मागे.

बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, हातात काठी, आवाज मात्र तोच. लोकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. विनोदावर मागून हसायचं कोण? "पहिल्या भागात स्पॉटबॉय आणि दिग्दर्शकाची मेहुणी. मग तेच टेप करून सहा महिने वाजवलं." पडद्यावरच्या नवऱ्याशी पटायचं का? "पटायचं. घरचा नवरा त्याच्याकडून शिकायला तयार नव्हता." पोहे खरे असायचे? "खरे, पण सकाळचे. पाचव्या टेकला मला घास गिळवेना, आणि तुम्हाला वाटलं मी लाजले."

मग आई उठली. "ताई, ते स्वयंपाकघर खरं होतं की सेट?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "पावसाळाभर एका ओळखीच्यांच्या फ्लॅटमध्ये काम चाललं. मग मालकिणीने घर परत मागितलं. गणपतीनंतर तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते सगळं पावण्याच्या एका बंद शेडमधलं. त्याच मापाचा सेट लावला होता. भिंतीमागे स्टुलावर ड्रम, आणि मी नळाला हात लावला की मागचा माणूस कॉक सोडायचा."

पावण्याला. म्हणजे मटार धुतले गेले तेव्हा बाबा तिथेच कुठेतरी मशीनवर असणार. मी आईकडे पाहिलं. ती उभीच होती, हात खुर्चीच्या पाठीवर.

काकूंनीही तिच्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "आमची पैज जूनान लागलेली. शाला उगडल्या तवा. म्हंजे घर खरा होता. हिच जिंकली."

मी तोंड उघडणार होतो. पण आईने माझ्याआधी सांगितलं, "वहिनी, खोटं नको. गणपतीला मी गावी गेले होते. परत आल्यावर, दुसऱ्या गुरुवारी. मटार सोलत होत्या या."

"जावई येतो तो भाग," बाई म्हणाल्या. "शेडमधलाच तो. पत्र्याखाली भाजून निघालो होतो. आवाज येतो म्हणून पंखा लावता यायचा नाही."

"तुला कोनी इचारला होता का गो?" काकू आईकडे बघून पुटपुटल्या.

आई बसली नाही. "आणि ते पहिलं घर? तिथे नळाला पाणी होतं ना, दिवसभर?"

"कसलं दिवसभर. संध्याकाळी अर्धा तास यायचं. आमचं शूटिंग दुपारी, म्हणून आम्ही गच्चीवरच्या टाकीत टँकर रिकामा करायचो. त्या घरात एक भलंमोठं पिंप होतं. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ते न्हाणीघरात ढकललेलं असायचं. जागाच नव्हती. कपडे बदलायला मला त्या पिंपाला वळसा घालून आत जावं लागायचं."

काकूंनी टाळी वाजवली. "बोललू होतू ना मी, पिंप पायजेच."

आई हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग तोही सोडून. बाईही हसल्या, कशाला ते नीट न कळता. आई खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच होतं की घर."

चहाच्या वेळी आईने पर्स उघडली. काकू म्हणाल्या, "मना नको. मुकाट्यानं ठेव ते." आई म्हणाली, "घ्या, नाहीतर माझ्या डोक्यावर राहील." मी जवळच उभा होतो. दहाची एक नोट आणि रुपयाचं एक नाणं आईने काकूंच्या हातात ठेवलं आणि त्यांची मूठ मिटवली. काकूंनी नोट कमरेला खोचली, आणि वरचा रुपया परत आईला दिला.